घर पाहावे दुरुस्त करून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही आपली म्हण दोन कसोटीची कार्ये शेजारी शेजारी ठेवते. दोहोंत खर्चाचा अंदाज चुकतो, दोहोंत सल्ला देणारे फार आणि भार उचलणारे थोडे असतात, आणि दोन्ही पार पडल्यावर माणूस अधिक शहाणा होतो, असा तिचा आशय. परंतु ही म्हण बांधण्याच्या आणि करण्याच्या क्षणापाशीच थांबते. बांधलेले घर पुढे शंभर वर्षे उभे राहावे म्हणून काय करावे लागते, आणि झालेले लग्न पुढे चाळीस वर्षे नांदावे म्हणून काय लागते, याविषयी ती मूक आहे. नव्या घराची वास्तुशांत होते, लग्नाचा सोहळा होतो. पण दुरुस्तीचा सोहळा कधी होत नाही. तिचे निमंत्रण नसते आणि तिचे जेवणही नसते. म्हणूनच की काय, दुरुस्तीचा नैतिक विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही.

तो विचार करण्याची वेळ आता आली आहे असे वाटते. मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे, चांदेल या पेडणे तालुक्यातील गावांत, तसेच डिचोलीकडील वाड्यांत, एक दृश्य हल्ली वारंवार दिसते. नवरा-बायको दोघेही नोकरीला आहेत. एक पणजीला कचेरीत, दुसरा किनाऱ्यावरील हॉटेलात; किंवा एक शाळेत आणि दुसरी विमानतळावरील पाळीत. घर आजोबा-पणजोबांचे. भिंती काही चिऱ्याच्या, काही मातीच्या. वर मंगळुरी कौले. आत माजघर, गणपतीची खोली, पुढे वसरी, अंगणात तुळशीवृंदावन. या घराची दुरुस्ती दोघांनी आपल्या हाती घेतलेली असते. कंत्राटदाराला एकरकमी देण्याइतका पैसा नाही, आणि असला तरी कंत्राटदार जुने घर दुरुस्त करण्यापेक्षा ते पाडून स्लॅब घालण्याचा सल्ला देतो. मग रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि कामावरून परतल्यानंतरचा उजेड एवढ्या भांडवलावर काम चालते. एक खोली होते, तोवर दुसरीचे आढे वाकते.

असे जोडपे काय करीत असते? हौस, हट्ट, काटकसर, की कर्तव्य? आणि कर्तव्य असेल तर ते कोणाप्रती?

प्रथम दुरुस्तीचे स्वरूप पाहू. आपल्या भागातील जुने घर ही स्थिर वस्तू नाही. ते दरवर्षी थोडे मरते आणि दरवर्षी थोडे जगवावे लागते. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळणाऱ्या प्रदेशात छप्पर ही कायमची गोष्ट असूच शकत नाही. मृग लागण्यापूर्वी कौले उतरवायची, वाळवीने पोखरलेले वासे आणि रिपा बदलायच्या, फुटकी कौले वेगळी काढून बाकीची पुन्हा चढवायची, हा क्रम आपल्या आजोबांच्या पंचांगातच होता. पावसाच्या अखेरीस चवथ येते, म्हणून तिच्याआधी भिंतींना रंग आणि माटोळीच्या चौकटीची तपासणी. घराची दुरुस्ती अशी ऋतूंना आणि सणांना बांधलेली होती. नोकरीचे पंचांग मात्र निराळे असते. मे महिन्यात किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा हॉटेलातील माणसाला रजा मिळत नाही. आणि छप्पर उघडायचे ते नेमके मे महिन्यातच. दोन पंचांगांच्या या ओढाताणीतच जोडप्याचे आयुष्य काही वर्षे जाते.

शिवाय जुने घर आपले शास्त्र शिकून घ्यायला लावते. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि सोडतो. त्याच्यावर चुन्याचा गिलावा असेल तर ओल बाहेर पडण्यास वाट राहते. घाईने सिमेंटचा जाड थर चढवला, तर ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दुरुस्तीच्या नावाने घराचे आयुष्य कमी करतो. अर्थात सद्हेतू पुरेसा नसतो, ज्या वस्तूची काळजी घ्यायची तिचा स्वभाव जाणून घेणे हा काळजीचा पहिला भाग असतो, हे नीतीतील जुने तत्त्व येथे चिऱ्याच्या भिंतीत वाचता येते. वृद्ध आई-वडिलांची सेवा करणाऱ्यालाही हाच धडा शिकावा लागतो.

आता कोणी विचारील की एवढे कष्ट घेऊन उरते काय? वासे बदलले, कौले बदलली, जमीन शेणाची होती तेथे लादी आली, मातीची एक भिंत चिऱ्याची झाली. मग हे घर आजोबांचे उरले कोठे? हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्समध्ये थीसियसचे जहाज जपून ठेवले होते, त्याची कुजकी फळी काढून नवी बसवीत गेले, आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञांत वाद चाले, असे प्लूटार्कने नोंदवले आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे चाक, की आस, की जू? यांपैकी एकही रथ नाही, आणि यांच्याखेरीजही रथ नाही. रथ हे त्या सर्वांच्या विशिष्ट जुळणीस दिलेले नाव आहे.

डिचोलीकरांना या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात शोधण्याचे कारण नाही. ते नार्वे गावी उभे आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यास आणला गेला. तेथे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख प्रवेशद्वारावर आहे. पुढे राज्य शासनाने त्याचे जतनकार्य हाती घेतले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. जागा बदलली, चिरे बदलले, छत्रे बदलली, राज्ये तर कितीतरी बदलली; तरी सप्तकोटेश्वर तोच, असे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. कारण येथे सातत्य दगडाचे नसून दिव्याचे आहे: कोणीतरी रोज तेथे दिवा लावीत राहिले. आपल्या परंपरेने नव्या मंदिराच्या उभारणीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानले, त्यामागे हीच जाण असावी. नवे बांधणारा स्वतःच्या नावाने बांधतो; जीर्णोद्धार करणारा दुसऱ्याने आरंभिलेले पुढे नेतो.

घराचेही तसेच आहे. ज्या घरात अजून चूल पेटते, चवथीला माटोळी बांधली जाते, त्याच्या प्रत्येक वाशाचे लाकूड नवे असले तरी ते आजोबांचेच घर. उलट, कुलूप लावून जसेच्या तसे ठेवलेले आणि वर्षातून दीड दिवस उघडलेले घर वास्तू म्हणून अस्सल असेल. घर म्हणून ते थकलेले असते.

येथवर दुरुस्ती करणाऱ्या जोडप्याची बाजू घेणे सोपे होते. यापुढचा प्रश्न अवघड आहे, आणि आपल्या घराण्यांना तो अधिक बोचरा आहे. दुरुस्त झालेले घर कोणाचे?

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि वारसाबाबत २०१२ च्या राज्य कायद्याने नव्याने मांडल्या गेलेल्या व्यवस्थेत मुलगा आणि मुलगी यांना आई-वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा असतो, आणि निम्मी मालमत्ता मृत्युपत्रानेही मुलांपासून हिरावता येत नाही. याचा परिणाम असा की दोन पिढ्यांत वाटणी न झालेल्या घराचे हिस्सेदार वीस-पंचवीस होतात. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी आखातात, कोणी लिस्बनला. घरात राहतात दोघे, आणि कौले चढवतात तेही दोघेच. न्यायाची ही व्यवस्था स्वतः निर्दोष आहे. मुलींना वाटा देण्यात ती उर्वरित भारताच्या कितीतरी पुढे होती. पण तिच्या पोटी एक दुर्लक्ष जन्मास येते: सर्वांचे म्हणून कोणाचेच नाही, आणि म्हणून छप्पर गळते.

अशा वेळी राहणाऱ्या जोडप्याच्या मनात एक विचार हळूच शिरतो. आम्ही खर्च केला, आम्ही घाम गाळला, तेव्हा घर आमचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीचे मूळ असेच सांगितले. माणूस एखाद्या वस्तूत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. परंतु लॉकनेच एक अट घातली होती, ती बहुधा विसरली जाते. इतरांसाठी तितकेच आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. वडिलोपार्जित घर तर एकच असते. त्यात एकाने श्रम मिसळून ते आपले केले, तर दुसऱ्यासाठी तितकेच चांगले काही उरत नाही. आणि लॉकचे उदाहरण कोणाच्याच नसलेल्या भूमीचे होते. आपल्या घराच्या पायात पणजीचे, काकूंचे, न बोललेल्या विधवा आत्याचे श्रम आधीच मिसळलेले असतात. श्रमाने मालकी मिळत असेल, तर पहिला हक्क त्यांचा.

श्रमाला आणि वास्तव्याला कायद्याने मान दिल्याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहिलेल्या मुंडकाराला बेघर होण्यापासून वाचवले आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. काही जुन्या घराण्यांना तो अन्याय वाटला. पण पिढ्यान्पिढ्या ज्याने ते छप्पर राखले त्याला केव्हाही उठवता यावे, यात न्याय कोणता होता? मात्र मुंडकार दुर्बळ होता. घरात राहणारा वारस भावकीत सहसा दुर्बळ नसतो. चावी त्याच्याकडे असते. म्हणून मुंडकाराच्या हक्काचा दाखला देऊन बहिणीचा वाटा बुडवणे हा न्यायाचा विपर्यास होय.

मग दुरुस्ती करणाऱ्याला काहीच मिळू नये काय? मिळावे. केलेल्या खर्चाचा हिशेब मिळावा, वाटणीच्या वेळी तो मान्य व्हावा, आणि दूर राहणाऱ्या हिस्सेदारांनी खर्चाचा आपला भाग मागण्यापूर्वी पाठवावा. चवथीला येऊन वसरीवर बसून 'अरे, ही जुनी खिडकी का काढलीस?' असे विचारण्याचा अधिकार ज्याने वाशाचे पैसे दिले त्याला आहे. ज्याने फक्त आठवण जपली त्याला नाही. पण या सर्वांपलीकडे दुरुस्तीने जे मिळते ते मालकीहून निराळे आहे. ज्या हाताने कौल फिरवले, त्या हाताला घर कळते. पाऊस सुरू झाला की कोणत्या कोपऱ्यात पाहायचे हे त्याला ठाऊक असते. हा विश्वस्ताचा संबंध आहे. विश्वस्त घर विकू शकत नाही, पण घर त्याच्याशिवाय राहूही शकत नाही.

या विचाराला आज विशेष धार आली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. ज्या सड्यावर काजू होते आणि गुरे चरत, तेथे धावपट्टी आली; काही धनगर कुटुंबांना आपली वस्तीच सोडावी लागली. दुरुस्त करावे की विकावे, हा पर्यायही त्यांच्यापुढे नव्हता, हे आपण चिऱ्याच्या घरात बसून विसरू नये. आजूबाजूच्या गावांत जमिनीचे भाव चढले आणि वीस हिस्सेदारांपैकी ज्यांनी घर दहा वर्षांत पाहिले नव्हते, त्यांनाही ते आठवू लागले. गळणारे घर सर्वांचे विस्मरणात होते. महाग झालेले घर सर्वांच्या स्मरणात आले. अशा वेळी रविवारमागून रविवार खर्ची घालणारे जोडपे व्यवहाराच्या दृष्टीने खुळे ठरते. पण घराची किंमत आणि घराचे मोल यांत अंतर आहे, याची साक्ष गावात आज तेवढेच खुळे देत असतात.

आतापर्यंत 'जोडपे' हा शब्द एकवचनी असल्यासारखा वापरला. तो तसा नाही, आणि येथेच या विषयाचा गाभा आहे. गोव्याच्या नागरी कायद्यात, निराळा करार केला नसेल तर, विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही, आणि एकाच्या मृत्यूनंतर निम्मे दुसऱ्याचेच असते. म्हणजे सासरी आलेली स्त्री सासऱ्यांच्या घरातील पतीच्या वाट्याची निम्मी धनीण असते. कागदावर हे उत्तम आहे. परंतु कागद मालमत्ता अर्धी करतो, श्रम अर्धे करीत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८९ साली नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या घरकामाला 'दुसरी पाळी' असे नाव दिले. घराची दुरुस्ती चालू असली की तिसरी पाळी सुरू होते. सुतार अचानक बुधवारी येतो म्हणाला, तर रजा कोणी टाकायची? पतीने भिंत खरवडली हे सर्वांना दिसते. त्या धुळीतून भांडी, कपडे, मुलाची वह्या-पुस्तके आणि सासूबाईंची औषधे रोज वाचवणे कोणाला दिसते? चूल माजघरातून पडवीत, पडवीतून परसदारी हलते, तेव्हा स्वयंपाक कोण करीत असते? कौतुक करणारे म्हणतात, 'दादाने घर स्वतःच्या हाताने उभे केले हो!' त्या वाक्यातील एकवचन हे असत्य आहे. भावकीने विश्वस्ताचे ऋण नाकारावे याचा ज्याला राग येतो, त्याने आपल्याच घरात दुसऱ्या विश्वस्ताचे ऋण नाकारले, तर त्याची तक्रार पोकळ ठरते. न्यायाची मागणी बाहेर करण्याआधी ती आत पुरी करावी लागते.

याला जोडून श्रमप्रतिष्ठेचा मुद्दा येतो. गांधीजींच्या एकादश व्रतांत शरीरश्रम आहे, आणि आपण त्याला मान डोलावतो. तरी आपल्या कारकुनी, वकिली, मास्तरकीच्या घराण्यांत चुना कालवणे हे दुसऱ्याचे काम मानले जात असे, आणि त्यामागे जातीची उतरंड होती हे लपवण्यात अर्थ नाही. कचेरीतील माणूस जेव्हा स्वतः रिपा ठोकतो, तेव्हा त्या उतरंडीचा एक चिरा हलतो. पण यातही एक धोका आहे. स्वतःच्या हाताने केल्याचा अभिमान लवकरच कारागिराच्या मजुरीवर घासाघीस करू लागतो: 'हे तर मीही केले असते!' खरे पाहता ज्याने एक खण कौले स्वतः चढवली आहेत, त्याला मेच्या उन्हात छपरावर बसणे म्हणजे काय ते कळलेले असते. त्याने तरी मजुरी कमी करू नये. परराज्यांतून आलेला गवंडी आपल्या आजोबांचे घर सावरतो आणि स्वतः पत्र्याच्या खोलीत राहतो, ही विसंगती आपल्या रविवारच्या श्रमाने मिटत नाही. निदान ती दिसू तरी लागावी.

शेवटी मर्यादेचा प्रश्न. घरासाठी माणसे की माणसांसाठी घर? पाच वर्षे प्रत्येक रविवार भिंतीत गेला, आणि मुलांना आई-वडील फक्त धुळीने माखलेले आठवले, तर ते घर पुरे झाले तरी काहीतरी ढासळले. म्हणून दुरुस्तीला विराम हवा. एखादी खोली बंद ठेवावी, एखादे वर्ष केवळ छप्पर सांभाळावे, एखाद्या रविवारी करणी खाली ठेवून अंगणात बसावे. जेथे दोघांपैकी एकाचा उत्साह संपला आहे आणि दुसरा त्याला ओढत आहे, तेथे घर सोडणेही अधर्म नव्हे. आपल्या पूर्वजांनीही कधीतरी कोकणातले, घाटावरचे, दिवाडीचे घर मागे ठेवूनच येथे चूल मांडली होती. त्यांनी ती मांडली म्हणून आपण येथले झालो. सोडण्याचे धैर्य आणि राखण्याचे धैर्य ही दोन्ही आपल्याला त्यांच्याकडूनच आली आहेत. कोणते केव्हा वापरायचे हे प्रत्येक जोडप्याने, आणि जोडप्यातील दोघांनीही, ठरवायचे असते.

राखायचे ठरलेच, तर थोडी शिस्त पाळावी. काम काढण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांना पत्र जावे. खर्चाची वही असावी, आणि तिच्यात रुपयांच्या रकान्याशेजारी दिवसांचाही रकाना असावा: कोणी किती दिवस दिले, कोणी कोणती रजा टाकली, कोणाची झोप गेली. त्या रकान्यात दोघांची नावे असावीत, आणि ज्या दिवशी गवंडी आला त्या दिवशी त्याचेही. पुढे कधी वाटणी झाली, तर न्यायालयात ती वही चालेल न चालेल. पण पुढच्या पिढीतील एखादी नात कपाटात ती उघडील, तेव्हा हे घर कोणाचे याचे उत्तर तिला सातबारापेक्षा किंवा एक-चौदाच्या उताऱ्यापेक्षा त्या वहीत अधिक खरे मिळेल.